पावसाळ्यानंतर स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही? काढून परत घालण्याआधी हे बघा

गोव्यात आकाशाचे फोटो काढणाऱ्यांचा हंगाम दिवाळीत जाळलेल्या नरकासुरांचा धूर ओसरला की सुरू होतो. जूनपासून चवथीपर्यंत आणि पुढेही बरेच दिवस वर नुसतं मळभ. माउंट (कॅमेरा-दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणारं स्टँड) आणि लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात, त्या कामाचा लॅपटॉप कपाटात. मग कोणीतरी चोर्ला घाटाचा नाहीतर नेत्रावळीचा बेत ठरवतो, आदल्या रात्री लॅपटॉप चालू करतो, डीपस्कायस्टॅकरच्या, म्हणजे एकाच जागेचे अनेक फोटो एकावर एक रचून (स्टॅकिंग) एक स्वच्छ फोटो करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आयकॉनवर डबल-क्लिक करतो. कर्सरशेजारचं चक्र जरा फिरतं आणि गप्प होतं. विंडो नाही, एररचा मेसेज नाही. दरवर्षी या दिवसांत मला येणारे फोन बहुतेक याच तक्रारीचे असतात. सॉफ्टवेअरचं नाव तेवढं बदलतं: कधी कॅमेरा-दुर्बीण चालवणारं निना, कधी स्टॅकिंगचंच सिरिल, कधी कॅमेऱ्यातून टिपणारं शार्पकॅप, कधी आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम.

फोन येईपर्यंत समोरच्याने एक गोष्ट हमखास केलेली असते: सॉफ्टवेअर काढून परत घातलेलं असतं. "काका, रीइन्स्टॉल केलं, तरी तेच." तेच होणार. अनइन्स्टॉल केल्यावर प्रोग्रामच्या फाईली जातात, तुमच्या सेटिंगच्या फाईली बहुतेक वेळा जात नाहीत. त्या तुमच्या यूजर फोल्डरमध्ये किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात) तशाच राहतात, आणि नवा कोरा प्रोग्राम उघडताना तीच बिघडलेली सेटिंग वाचून पुन्हा तिथेच पडतो. म्हणून आधी तो कुठे पडतोय ते शोधायचं. आयकॉनवर क्लिक केल्यापासून विंडो दिसेपर्यंत विंडोज त्याला परवानगी देतं, तो आपल्या डीएलएल फाईली (मदतीला लागणारे कोडचे तुकडे) गोळा करतो, जुनी सेटिंग वाचतो, ग्राफिक्स कार्डाशी बोलतो आणि काही प्रोग्राम तर लगेच कॅमेराही शोधायला लागतात. यातली कुठली पायरी चुकली हे कळलं की उपाय सहसा पाच-दहा मिनिटांचाच असतो.

खरंच उघडत नाही, की दिसत नाही?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि डीटेल्सच्या यादीत प्रोग्रामचं नाव शोधा. नाव असेल तर तो उघडलाय, फक्त विंडो तुमच्या स्क्रीनच्या बाहेर आहे किंवा तो मधेच लटकलाय. पहिला प्रकार आपल्याकडे भरपूर. एप्रिल-मेमध्ये शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात आकाशदर्शनाचा कार्यक्रम झालेला असतो, लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असतो आणि प्रोग्राम प्रोजेक्टरच्या बाजूलाच बंद केलेला असतो. विंडो शेवटी कुठे होती हे बरेच प्रोग्राम लक्षात ठेवतात. प्रोजेक्टर गेला, जागा राहिली.

ऑल्ट-टॅबने तो प्रोग्राम निवडा, मग विंडोज, शिफ्ट आणि डावा बाण एकत्र दाबा. नाही जमलं तर ऑल्ट-स्पेस, मग एम, मग एखादा बाण एकदा दाबून माऊस हलवा. विंडो कर्सरला चिकटून येते. विंडोज आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडलं तरी पुष्कळदा काम होतं.

यादीत नाव आहे पण सीपीयू शून्यावर आणि विंडो कशानेच येत नाही, तर 'एंड टास्क' करा आणि सगळ्या यूएसबी वायरी काढून पुन्हा चालवा. कॅमेरा, गायडर (ताऱ्यावर नजर ठेवणारा छोटा कॅमेरा), फोकसर (फोकस फिरवणारी मोटर), हब, सगळं काढायचं. उघडला तर दोष ड्रायव्हरमध्ये आहे. मग एकेक वस्तू जोडत जा आणि ज्या वस्तूवर तो अडेल तिचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नवा घ्या. दमट हवेत चार महिने पडून राहिलेल्या हबच्या पिना काळ्या पडलेल्या असतात, त्याही बघा.

यादीत नाव येऊन लगेच नाहीसं होत असेल तर प्रोग्राम कोसळतोय. मग पुढचं वाचा.

विंडोजने लिहून ठेवलेलं वाचा

स्क्रीनवर मेसेज आला नाही म्हणजे नोंद झाली नाही असं नव्हे. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करून उघडा, डावीकडे 'विंडोज लॉग्ज', त्याखाली 'ॲप्लिकेशन'. तुम्ही क्लिक केलं त्या मिनिटाची लाल खूण असलेली नोंद शोधा. इव्हेंट क्रमांक १००० असेल तर ती प्रोग्राम कोसळल्याची सर्वसाधारण नोंद. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या: 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' आणि 'एक्सेप्शन कोड'. कोड इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा असतो, त्याचा शेवट बघायचा.

शेवट १३५ असेल तर प्रोग्रामला लागणारी एखादी डीएलएल मशीनवर नाही. ७बी असेल तर ३२-बिट आणि ६४-बिट फाईलींची खिचडी झालीय. हे बहुधा कोणीतरी इंटरनेटवरच्या भलत्याच साइटवरून सुटी डीएलएल आणून सिस्टम फोल्डरमध्ये टाकल्यामुळे होतं. तसं कधीच करू नका. १डी असेल तर प्रोग्राम अशी सूचना देतोय जी तुमच्या प्रोसेसरला येतच नाही. त्यावर खाली लिहितो. नुसता ५ असेल तर मेमरीत भलतीकडे हात गेला. हा कोड मोघम आहे, कारण काहीही असू शकतं, आणि तिथे मॉड्यूलचं नाव जास्त बोलकं असतं. त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरची डीएलएल असेल तर ड्रायव्हर बदला. लॅपटॉपबरोबर आलेल्या 'आवाज सुधारणाऱ्या' किंवा खेळात स्क्रीनवर एफपीएस दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची असेल तर ते बंद करा. ही मंडळी दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये घुसून बसतात.

कोड ई०४३४३५२ असा असेल आणि मॉड्यूल म्हणून कर्नेलबेसचं नाव असेल तर तिथे थांबू नका, त्या नोंदीतून काहीच कळत नाही. हा डॉटनेटवर (प्रोग्राम चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेवर) लिहिलेल्या प्रोग्रामचा सरसकट कोड आहे. त्याच मिनिटाची 'डॉटनेट रनटाइम' या नावाची, क्रमांक १०२६ ची नोंद शोधा. खरं कारण तिथे असतं.

फोंड्याच्या एका कॉलेजच्या पोराच्या मशीनवर हे असंच सापडलं. त्याचा बॅटरी नसलेला मिनी पीसी अंगणात माउंटच्या पायाशी असायचा. १०२६ च्या नोंदीत लांबलचक मजकूर होता. त्यातली पहिली ओळ सांगत होती की सेटिंगची यंत्रणा सुरू होऊ शकली नाही. जरा खाली 'रूट एलिमेंट इज मिसिंग' आणि कंसात 'यूजर.कॉन्फिग' नावाच्या फाईलचा पूर्ण पत्ता. ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर कोरी. गंमत म्हणजे आकार शून्य नव्हता, काही केबी दिसत होता. आत अक्षर एकही नाही. मेमध्ये वळवाच्या गडगडाटात करंट गेला तेव्हा प्रोग्राम सेटिंग लिहीत होता. विंडोजची फाईल सिस्टीम फाईलचं नाव, आकार, जागा यांची वही नीट सांभाळते, आतल्या मजकुराची तशी हमी देत नाही. त्यामुळे अचानक वीज गेली की आकार बरोबर आणि पोटात नुसती शून्यं अशी फाईल उरते. आम्ही तिच्या नावापुढे 'जुनी' जोडलं, प्रोग्राम उघडला, त्याने स्वतःच नवी फाईल बनवली. तीच फाईल तोवरच्या सगळ्या रीइन्स्टॉलमधून सहीसलामत वाचली होती.

सेटिंग बाजूला ठेवून बघणं

नोंद काहीही सांगो, सेटिंग बाजूला ठेवून बघणं हा उपाय मी सगळ्यात आधी करायला सांगतो, कारण त्यात नुकसान नाही. अट एकच: काही डिलीट करायचं नाही, नाव बदलायचं.

विंडोज आणि आर दाबा. येणाऱ्या चौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये 'लोकलॲपडेटा' हा शब्द इंग्रजीत सलग टाइप करून एंटर मारा. उघडलेल्या फोल्डरमध्ये निनाचं फोल्डर दिसेल, त्यात 'प्रोफाइल्स', 'प्लगिन्स' (वरून घातलेले जोड-प्रोग्राम) आणि 'लॉग्ज'. आधी लॉग्जमधली सगळ्यात नवी फाईल नोटपॅडमध्ये उघडून शेवटच्या ओळी वाचा. मग 'प्लगिन्स'चं नाव बदलून निना चालवा. आपल्याकडे संशय आधी प्लगिनवरच घ्यावा असं माझं मत आहे, कारण गोव्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर, म्हणजे घराघरात माडांच्या मागे. ध्रुव न बघता पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाच्या दिशेला लावणं) करून देणारं 'थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट' प्लगिन म्हणून इथे बहुतेकांकडे असतं, सोबत आणखी चार हौसेने घातलेली. निना पुढच्या व्हर्जनला जातं, प्लगिन मागच्याच. तरीही उघडलं नाही तर 'प्रोफाइल्स'चं नाव बदला. उघडलं तर जुन्या प्रोफाइलची फाईल एकेक करून परत आणा, म्हणजे दुर्बिणीची आणि फिल्टरची माहिती पुन्हा भरत बसायला नको.

सिरिलचं फोल्डरही तिथेच असतं, आत 'कॉन्फिग' नावाने सुरू होणारी फाईल. स्टेलॅरियमचं 'लोकल'मध्ये नाही, शेजारच्या 'रोमिंग'मध्ये. तिथे 'कॉन्फिग' फाईल आणि 'लॉग' नावाची मजकूर फाईल मिळेल. डीपस्कायस्टॅकर मात्र सेटिंग रजिस्ट्रीत ठेवतो. रजिस्ट्री एडिटर उघडून 'एचकी करंट यूजर', त्यात 'सॉफ्टवेअर', त्यात डीपस्कायस्टॅकर नावाने सुरू होणारी 'की' (फोल्डरसारखी नोंद) शोधा. तिच्यावर राइट-क्लिक करून आधी 'एक्सपोर्ट' करा, मगच नाव बदला. आजूबाजूच्या कशालाही हात लावू नका.

हे सगळं शोधत बसायचा कंटाळा असेल तर एक आडवाट आहे आणि खरं सांगायचं तर ती जास्त खात्रीची आहे: विंडोजमध्ये नवा लोकल यूजर बनवा, त्यात लॉगिन करून तोच प्रोग्राम चालवा. तिथे चालला तर मशीन, ड्रायव्हर, डीएलएल सगळं ठीक, बिघाड तुमच्या जुन्या खात्याच्या सेटिंगमध्येच. तिथेही पडला तर सेटिंगचा नाद सोडून पुढच्या भागाकडे वळा.

या नव्या खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे स्पेस न सोडता ठेवा. साखळीजवळच्या एका शाळेच्या लॅपटॉपवर खात्याचं नाव हौसेने देवनागरीत 'विज्ञान मंडळ' असं दिलेलं होतं. विंडोजला त्याचं काही वाटत नाही. पण यूजर फोल्डरचं नावही देवनागरीत तयार होतं आणि जुन्या धाटणीच्या काही प्रोग्रामांना तो पत्ता वाचताच येत नाही. त्यांच्या लेखी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. स्टेलॅरियम तिथे मजेत चालत होतं, ग्रहांच्या व्हिडिओसाठीचं जुनं ३२-बिट सॉफ्टवेअर मात्र आयकॉनपुढे सरकेना. खात्याचं नाव कंट्रोल पॅनेलमधून बदलून उपयोग नाही, कारण दिसणारं नाव बदलतं, डिस्कवरच्या फोल्डरचं नाव तेच राहतं. नवं खातं बनवणं हाच सरळ मार्ग. फोटोंच्या फोल्डरलाही हेच लागू: 'मृग तेजोमेघ' हे नाव कितीही गोड असलं तरी स्टॅकिंगसाठीच्या फोल्डरला 'एम४२' इंग्रजीत द्या.

नव्या खात्यातही पडतोय तर

दोन पाहुणे प्रोग्रामबरोबर लागतात आणि त्यांच्यावरूनच जास्त गोंधळ होतो. एक, मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल. 'व्हीसीरनटाइम१४०' किंवा 'एमएसव्हीसीपी१४०' नावाची डीएलएल सापडत नाही असं आलं तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून हे घ्या, एक्स६४ आणि एक्स८६ दोन्ही घाला. दुसरा, डॉटनेट. निनाच्या ३ क्रमांकाच्या व्हर्जनला डॉटनेट ८ चा डेस्कटॉप रनटाइम लागतो. फोनवर ठरलेलं उत्तर: "माझ्याकडे ४.८ आहे की!" ते डॉटनेट फ्रेमवर्क, विंडोजबरोबर येणारं. ४.८ आणि ८ हे एकाच वस्तूचे जुने-नवे आकडे नव्हेत, दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्ही एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने राहतात. घालताना 'डेस्कटॉप रनटाइम' हे शब्द बघून घाला, नुसता 'रनटाइम' पुरत नाही.

आता १डी वाला कोड. फोटोंवर प्रक्रिया करणाऱ्या पिक्सइनसाइटच्या नव्या व्हर्जनना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ सूचना असाव्याच लागतात. तारे पुसून फक्त तेजोमेघ ठेवणाऱ्या स्टारनेटलाही निदान एव्हीएक्स लागतं. इंटेलने एव्हीएक्स२ २०१३ साली हॅसवेल पिढीपासून दिलं, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं स्वस्त सेलेरॉन आणि पेंटियममध्ये ते नव्हतं. म्हणजे लॅपटॉप नवा आहे हे उत्तर पुरेसं नाही. सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर 'इन्स्ट्रक्शन्स'च्या ओळीत काय आहे ते सांगतं. तिथे एव्हीएक्स२ दिसत नसेल तर सेटिंग, ड्रायव्हर, रीइन्स्टॉल यातलं काहीही कामाचं नाही. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर वापरा, फोटोत फार काही बिघडत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे बरेच जण विंडोज ११ वर गेले. या अपग्रेडमध्ये प्रोग्राम राहतात, पण ग्राफिक्स ड्रायव्हर बदलू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' दिसत असेल तर खरा ड्रायव्हर उडालाय. त्या अवस्थेत विंडोजकडे ओपनजीएल १.१ एवढंच असतं आणि स्टेलॅरियमसारखा प्रोग्राम तेवढ्यावर उघडत नाही. लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर घाला. तेवढ्यापुरतं काम भागवायचं असेल आणि स्टेलॅरियमच्या स्टार्ट मेनूत 'मेसा मोड' असा आयकॉन असेल तर त्याने उघडा. हळू चालतं, पण चालतं.

अँटिव्हायरसबद्दल थोडक्यात: क्वारंटाइनची यादी बघा, आपल्या प्रोग्रामची फाईल तिथे पडलेली असू शकते. 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' असं निळं पान आलं आणि फाईल खात्रीने मूळ साइटवरची असेल तर 'मोअर इन्फो', मग 'रन एनीवे'. झिपमधून चालणारा प्रोग्राम असेल तर झिप उघडण्याआधी तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अनब्लॉक'वर टिक करा. 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू असेल तर प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही आणि काही प्रोग्राम त्यावर रुसून बंद होतात.

सी ड्राइव्ह भरलाय का तेही बघा. २४ मेगापिक्सेलची एक फ्रेम तीन रंगांत, १६-बिटमध्ये उलगडली की १४४ एमबी होते. शंभर फ्रेम म्हणजे १४ जीबीच्या वर. स्टॅकिंग मधेच बंद पडलं की या तात्पुरत्या फाईली तशाच राहतात. भरलेल्या डिस्कवर सेटिंगची फाईलही अर्धवट लिहिली जाते, आणि आपण परत पहिल्या रोगावर येतो.

चार महिने बंद असलेल्या जुन्या लॅपटॉपची तारीख कधी कधी मागे गेलेली असते, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपलेला असतो म्हणून. तारीख चुकली की सर्टिफिकेट आणि परवान्याची तपासणी फसते. टास्कबारच्या कोपऱ्यात नजर टाकली की कळतं, तरी कोणी बघत नाही.

मॅकवाल्यांचा प्रश्न बहुधा परवानगीचाच असतो: 'सिस्टम सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त खाली जाऊन 'ओपन एनीवे'. लिनक्सवर प्रोग्राम टर्मिनलमधून चालवा, का पडतो ते तो तिथेच ओरडून सांगतो. उबंटू २२.०४ किंवा पुढच्यावर ॲपइमेज (एकाच फाईलमध्ये मिळणारा प्रोग्राम) उघडत नसेल तर फ्यूजची जुनी, २ क्रमांकाची लायब्ररी घालावी लागते.

एवढं करूनही अडलात आणि कोणाला विचारायचं असेल तर 'चालत नाही' एवढंच लिहून पाठवू नका, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटोही नको. प्रोग्रामचं नाव आणि पूर्ण व्हर्जन क्रमांक, विंडोजचं व्हर्जन, १००० आणि १०२६ च्या नोंदींचा कॉपी केलेला मजकूर, आणि नव्या यूजरमध्ये चालतो की नाही, एवढं पाठवा. लॉग पाठवताना त्यात तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात, ते आधी पुसा. आणि पुढच्या मेअखेर सामान डब्यात घालाल तेव्हा निनाचं अख्खं फोल्डर, रजिस्ट्रीतून एक्सपोर्ट केलेली फाईल आणि त्या दिवशी चालत असलेल्या व्हर्जनचे इन्स्टॉलर एका पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. चोर्ल्याला रेंज मिळत नाही, तिथे डाउनलोडच्या भरवशावर जाऊ नका.